अण्णांना वर बघायचं होतं

माझे वडील, आमचे अण्णा, तेरखेड्याला शोभेची दारू बनवतात. खरं म्हणजे बनवायचे असं म्हणायला हवं, कारण काही वर्षांपासून कारखाना माझा धाकटा भाऊ बघतो; पण तसं अण्णांसमोर म्हटलेलं त्यांना चालत नाही. सत्तरी उलटली तरी सकाळचा चहा झाला की डोक्यावर टोपी ठेवून ते निघतात. गावाबाहेर माळावर, एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या कारखान्याच्या बुटक्या खोल्या आहेत, तिथं कोपऱ्यातल्या लिंबाखाली बसतात, आणि भाऊ जे काही करत असेल ते कसं चुकतंय हे त्याला सांगतात.

मी लग्न होऊन धाराशिवला आले. कोर्टात टायपिस्ट आहे. गाव फार लांब नाही, त्यामुळं महिन्यातून एखाद्या रविवारी जाणं होतंच.

दिवाळी झाल्यावर तेरखेड्यात सगळं शांत होतं. वर्षभराचा माल विकला गेलेला असतो आणि चैत्रातल्या जत्रांना अजून अवकाश असतो. अशाच दिवसांत एका दुपारी, मी ऑफिसात डबा उघडत असताना अण्णांचा फोन आला.

"पोरी, माल्टा कुठं आलं गं?"

"काय?"

"माल्टा. देश हाय म्हणं. तुझ्याकडं वकील असतेत, इचार कुणाला तरी."

मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं. ते कृषी खात्यात आहेत. ते म्हणाले, "माल्टा? संत्र्यातली जात आहे ना ती. अण्णा आता बाग लावणार का काय?" शेवटी मीच मोबाईलवर शोधलं. इटलीच्या खाली समुद्रात एक ठिपका दिसला. तो बोटांनी मोठा करत गेले तेव्हा कुठं त्यात रस्ते आणि गावं दिसायला लागली. आपल्या एका तालुक्याहूनही तो देश लहान असेल.

रविवारी गावी गेले तेव्हा अण्णा बाजेवर मोबाईल घेऊनच बसले होते. "हितं बस," म्हणाले, आणि मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा गावातला चौक, मागं चर्च, माणसांची गर्दी, आणि मध्ये एक उंच खांब. त्या खांबावर आगीचं एक चक्र फिरायला लागलं. मग त्या चक्राच्या पोटातून दुसरं चक्र निघालं आणि ते उलट्या दिशेनं फिरायला लागलं. मग तिसरं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं सोनेरी, आणि सगळं मिळून फूल उमलावं तसं उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"कसं केलं असंल ते कळंना मला," अण्णा म्हणाले. माझ्या आयुष्यात आतषबाजीबद्दल 'कळंना' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "दारू कळती. रंगबी कळतेत. पण एकातून एक निघायलंय, ते कसं?"

"छान आहे."

"मला हे बघायचंय. तिथं जाऊन."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुळजापूरला चला म्हणलं की गुडघं दुखतेत ह्यांचं. अन् आता इमानात बसायचंय."

भाऊ जेवायला आला होता. तो हसला. "अण्णा, एवढीच हौस असली तर दुबईला जावा. तिथंबी लई मोठं करतेत. आपल्यातली किती माणसं जाऊन आलीत. हे माल्टाबिल्टा कुणी ऐकलंय तरी का?"

अण्णा माझ्याकडं बघून बोलले. "जन्मभर म्या वात लावली अन् पळालो. सरळ गेलं का, माणसं लांब हायत का, कुणाचं पोरगं मधी तर आलं न्हाय, हेच बघत राह्यलो. वर काय झालं ते लोकांच्या तोंडाकडं बघून कळायचं मला. एवढ्या जत्रा केल्या, पण वर कुठं बघितलं? एकदा कुणी तरी दुसऱ्यानं वात लावावी अन् म्या नुसतं वर बघावं, एवढंच हाय."

भाऊ खाली बघून जेवायला लागला. आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मला काय घालून जायचं तिथं? थंडी असती का?"

म्हणजे आईचं ठरलंसुद्धा होतं. नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण इंग्रजी टाईप करणारी घरात मीच.

धाराशिवला बसस्टँडजवळ एक प्रवासाचं ऑफिस आहे. चारधाम, काशी-अयोध्या आणि अलीकडं दुबई, थायलंड. बाहेरच्या बोर्डावर केदारनाथच्या शेजारी उंटाचं चित्र आहे. तिथला मालक तिशीतला, बोलायला गोड. मी म्हटलं, माल्टाला जायचंय, तिघं आहोत, आई-वडील आणि मी.

"मालदीव," तो म्हणाला.

"नाही. माल्टा."

"तेच ते. हनिमूनवाले जातेत की, मॅडम. पाण्यातली खोली घ्यायची का काठावरची?"

मी त्याला नकाशा दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं. मग सरळ म्हणाला, "इथं आमचं कोणीच गेलेलं नाही. पण मला जमंल. फक्त मलाबी तुमच्याबरोबर शिकावं लागंल." मला त्याचा तो सरळपणा आवडला. दोन दिवसांनी त्यानं कोटेशन पाठवलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'माल्टा' लिहिलेलं होतं आणि खाली मालदीवच्या पाण्यातल्या खोलीचाच फोटो होता. अण्णांनी तो फोटो बघितला आणि म्हणाले, "हितं वात कुठं लावणार? सगळीकडं पाणीच हाय."

मग कधी जायचं यावर खल झाला. मी वाचत गेले तसं कळलं, की माल्टात प्रत्येक गावाचा एक संत असतो, आणि उन्हाळ्यात त्याची जत्रा भरते. आपल्यासारखंच, एका रविवारी ह्या गावाची, पुढच्या रविवारी त्या गावाची. पण अण्णांना चैत्र-वैशाखात हलता येत नव्हतं, आणि ऑगस्ट उजाडला की दिवाळीच्या मालाची घाई. जुलै तेवढा मोकळा. जुलैत आमच्याकडं आभाळ दाटलेलं असतं, माल वाळत नाही, कारखाना हळू चालतो. "जुलै म्हणजे आमच्या धंद्याची सुट्टी," अण्णा म्हणाले. तिथंही जुलैत जत्रा होत्याच.

गाव निवडताना मी एक उद्योग केला. अण्णांच्या व्हिडिओतल्या गावाचं आतषबाजी करणारं एक मंडळ होतं. त्यांचा मेलचा पत्ता मिळाला. मी त्यांना लिहिलं, की माझे वडील भारतातल्या एका लहान गावात जन्मभर हेच काम करत आले आहेत आणि त्यांना तुमचं चक्र बघायचं आहे. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात आलं. लिहिणारा माणूस पूर्वी बोटीवर नोकरीला होता, आता घरी असतो. त्यानं लिहिलं होतं, जरूर या, आमच्या कामाच्या जागेवर चहा प्यायला या, आणि तुमच्या वडिलांच्या कामाचे फोटो पाठवा.

मी ते अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. मंडळात कोण कोण आहे तेही त्यानं कळवलं होतं. कुणी नळकाम करणारा, कुणी शाळेत मास्तर, कुणी हॉटेलात वेटर. दिवसभर आपापलं काम करायचं आणि संध्याकाळी गावच्या जत्रेसाठी दारू भरायची, वर्षभर.

"पगार किती देतेत त्यांना?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही. उलट पदरचे घालतात."

अण्णांनी मला तेवढंच परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "येडीच हायत. मग तर बघायलाच पायजेत."

उन्हाळ्यात जत्रा आटोपल्या आणि आम्ही व्हिसाच्या मागं लागलो. अर्जासोबत एक पत्र लागतं, आम्ही कोण, काय करतो, कशाला निघालो, असं. ते मी लिहिणार होते, पण प्रवासवाल्यानं उत्साहानं आधीच तयार करून ठेवलं होतं. त्यानं अण्णांना फोन करून धंदा विचारला होता. अण्णांनी सांगितलं होतं, दारूचा. पिढीजात. गावोगावच्या जत्रांना आमचीच असते.

त्या पत्रात इंग्रजीत लिहिलं होतं, की अर्जदार तीन पिढ्यांपासून मद्यनिर्मिती करतात आणि परिसरातल्या सर्व धार्मिक उत्सवांना मद्यपुरवठा करतात.

मी ते वाचून इतकी हसले, की ऑफिसातले शिपाईमामा काय झालं म्हणून बघायला आले. प्रवासवाला बिचारा शरमला. "मॅडम, मलाबी जरा शंका आली होती. देवाच्या जत्रेत दारू कशी काय? पण वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं कसं?"

"अहो, शोभेची दारू. फटाके."

"मग मी परवान्यावर आहे तसंच लिहितो," म्हणून त्यानं परवाना बघितला, आणि पुढचं पत्र आलं त्यात अर्जदार स्फोटक पदार्थ तयार करतात असं होतं. मी म्हटलं, आता मात्र तुम्ही लिहू नका. त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मीच टाईप करायला बसले. 'गावजत्रांसाठी आतषबाजी करणारे पारंपरिक कारागीर' एवढं इंग्रजीत बसवायला मला एखाद्या निकालपत्राइतका वेळ लागला. सोबत मंडळाचं उत्तर जोडलं. ते वाचून अण्णा म्हणाले, "कारागीर. आजपतुर कुणी म्हणलं न्हवतं. पत्र लई झ्याक झालं."

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. मोठा थंडगार हॉल, खुर्च्यांच्या रांगा. आईचं काम झटकन झालं. माझंही. अण्णा खिडकीशी गेले आणि अडकले. यंत्रावर बोटं ठेवली की लाल दिवा. परत ठेवली, परत लाल. काचेपलीकडची मुलगी नवीन असावी, विशी-बाविशीतली. "काका, जरा घट्ट दाबा," म्हणाली. अण्णांनी दाबलं. लाल. तिनं ओला कागद दिला, कोरडा कागद दिला. लाल.

"पोरी," अण्णा शेवटी म्हणाले, "उगं कष्ट घेऊ नको. ह्या हाताच्या रेघा कवाच गेल्या."

त्यांनी उजवा पंजा उलटा करून तिच्यासमोर धरला. तरुणपणी एकदा चक्र भरताना दारूनं पेट घेतला होता, त्यात बोटं भाजली. बरी झाली ती गुळगुळीतच. आम्हा भावंडांना तो हात इतका सवयीचा आहे, की त्यात काही वेगळं आहे हे मी विसरूनच गेले होते. त्या मुलीनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं. इथंच संपलं.

आई माझा दंड धरून उभी राहिली. "त्येंना म्हणावं माझ्या बोटांचं दोनदा घ्या," ती हळूच म्हणाली.

मुलगी आत जाऊन एका वरिष्ठ बाईंना घेऊन आली. त्या बाईंनी अण्णांचा हात बघितला, डावा हात यंत्रावर ठेवायला सांगितला, तिथं हिरवा लागला. उजव्यासाठी त्यांनी काहीतरी शेरा लिहिला आणि म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. शेतात काम करणाऱ्यांचंही उमटत नाही. काळजी करू नका." मग जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, "कशानं भाजलं?"

"चक्रानं, बाई," अण्णा म्हणाले. "अन् आता चक्रच बघायला निघालोय."

त्या हसल्या. अण्णा बाहेर येईपर्यंत एकदम सरळ चालत होते. बाहेर आल्यावर पायरीवर बसले आणि आईला म्हणाले, "पाणी दे." तेव्हा मला कळलं, की ते किती घाबरले होते.

व्हिसा आला. घरात आनंदीआनंद झाला, आणि तेव्हाच प्रवासवाल्यानं एक नवीन गोष्ट सांगितली. कुठून तरी ऐकून आला होता. विमानतळावर म्हणे कधी कधी हाताला, बॅगेला एक पट्टी घासतात आणि ती यंत्रात घालतात. बारूद नुसती शिवलेली असली तरी यंत्र ओरडतं.

अण्णांच्या अंगावर, कपड्यांत, बॅगेत, चपलेत, सगळीकडं बारूदच. त्यांच्या टोपीला धुतल्यावरही वास येतो. अण्णांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ विचार केला, आणि जाहीर केलं, "आजपसनं कारखाना बंद. माझ्यापुरता."

जवळजवळ महिनाभर ते माझ्याकडं धाराशिवला येऊन राहिले. आईनं त्यांचे सगळे जुने कपडे गावीच ठेवले. नवे सदरे, नवे पायजमे, नवी टोपी, नव्या चपला. दोन नव्या बॅगा. अण्णांना काय करावं सुचत नव्हतं. सकाळी चहा झाला की टोपी घालून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मग माझ्याबरोबर कोर्टापर्यंत चालत यायला लागले. बाहेरच्या टपरीवर पक्षकारांबरोबर बसायचे आणि दुपारपर्यंत चार माणसांच्या बांधावरच्या भांडणांचा आपल्या परीनं निकाल लावायचे.

भाऊ भेटायला आला की तमाशा. तो कामावरून थेट मोटरसायकलवर यायचा. अण्णा गॅलरीतूनच ओरडायचे, "तिथंच थांब! वर येऊ नगस! कोणच्या खोलीतून आलास?"

"अण्णा, हात धुतलेत."

"हात धुतल्यानं जात न्हाय ते. म्या सांगू का तुला? खालूनच बोल."

मग भाऊ रस्त्यावर उभा राहून आणि अण्णा दुसऱ्या मजल्यावरून, असं दोघं कारखान्याचं बोलायचे. शेजाऱ्यांना आमच्या धंद्याची सगळी माहिती झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, बापलेकांचं काही बिनसलंय का.

निघायच्या आधी आईला येरमाळ्याला जायचं होतं, येडाईच्या दर्शनाला. डोंगर चढून तिनं तिन्ही पासपोर्ट देवीपुढं ठेवले. पुजाऱ्यांनी विचारलं, कुठं निघालात. आई म्हणाली, "माल्टाला." त्यांनी "बरं बरं" म्हणून अंगारा दिला, आणि आई तो पुडीत बांधून बॅगेत ठेवायला लागली तसे अण्णा पुढं झाले.

"पावडर न्हाय न्यायची."

"अंगारा हाय तो."

"तुला-मला म्हाईत हाय. मशीनला काय कळतंय? कुठलीच पावडर न्हाय न्यायची."

आईनं अंगारा तिथंच तिघांच्या कपाळाला लावला. पण खरं भांडण घरी आल्यावर झालं, शेंगदाण्याच्या चटणीवरून. चटणीशिवाय आई कुठं जात नाही. तिनं चांगली मोठी पिशवी भरून कुटली होती. लाल, बारीक. अण्णांनी ती उचलून बघितली आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ही नेणार तू? ही? ह्याच्यावाणी तर आपला माल दिसतो!"

"मग काय खायाचं तिथं? तुमची चक्रं?"

दोघं अर्धा दिवस बोलत नव्हते. शेवटी आईनंच तोड काढली. चटणीत तेल ओतलं, चांगली कालवली आणि तिचे घट्ट गोळे वळून डब्यात भरले. "आता पावडर हाय का?" म्हणाली. अण्णांनी डबा हुंगला आणि हार मानली. कडक भाकऱ्या आणि धपाटे मात्र बिनविरोध गेले.

भाऊ आम्हाला गाडीनं मुंबईला सोडायला आला. त्यानंही त्या दिवशी अंघोळ करून कोरे कपडे घातले होते, तरी अण्णा मागच्या सीटवर, दाराला चिकटून. विमानतळावर उतरल्यावर भाऊ पाया पडायला वाकला तसे अण्णा दोन पावलं मागं सरले. "लांबून पड. लांबून. पोचला नमस्कार." मग भावानं आईच्या पाया पडून माझी पर्स गाडीतून काढून माझ्या खांद्याला अडकवली आणि आमचं सामान ढकलगाडीवर चढवून दिलं.

आत तपासणी. अण्णांनी न सांगताच दोन्ही हात पुढं केले. सुरक्षारक्षकानं पट्टी घासली, यंत्रात घातली. आम्ही तिघंही श्वास धरून. काही झालं नाही. आईचीही बॅग गेली. मग माझी पर्स. आणि यंत्र ओरडलं.

 मला बाजूला उभं केलं, एक महिला अधिकारी आल्या, पर्स रिकामी केली, कंगवा, गोळ्या, पेनं, सगळं. "मॅडम, आपण काय काम करता?" मी कोर्टात टायपिस्ट आहे म्हटलं. त्यांनी परत पट्टी घासली. परत ओरडलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आई-अण्णांना मी सगळं नवं घेतलं, पण पर्स माझी जुनीच. हीच घेऊन मी महिन्याला गावी जाते, हीच कारखान्यात लिंबाखाली ठेवते. आणि वर ती भावाच्या गाडीत पडलेली होती. मी सगळं खरं सांगितलं. परवान्याची प्रत मोबाईलमध्ये होती, मंडळाचं पत्र होतं, ते दाखवलं. त्यांनी वरच्यांना विचारलं, मला परत तपासलं, चटणीचा डबा उघडून बघितला, आणि अखेर सोडलं. पर्स मात्र मी तिथंच टाकून दिली आणि सगळं एका कापडी पिशवीत भरलं.

अण्णा खुर्चीवर बसून माझी वाट बघत होते. मला वाटलं काळजीत असतील. ते खांदे हलवत हसत होते. "म्हैनाभर म्या घरदार सोडून बसलो," ते म्हणाले, "अन् वाजलीस तू!" आई त्यांना चापट मारत होती आणि तीही हसत होती. विमान उडून स्थिर झालं तरी दोघांचं अधूनमधून चालूच होतं.

मध्ये एके ठिकाणी विमान बदलून आम्ही पोचलो. पिवळ्या दगडांची गावं, तसल्याच दगडांचे कुंपणाचे बांध, रस्त्याकडेला फड्या निवडुंग. अण्णा म्हणाले, "हे तर आपल्या माळावाणीच हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना धडाड्कन आवाज झाला आणि आईच्या हातातला कप हिंदकळला. दिवसाउजेडी निळ्या आभाळात पांढऱ्या धुराचे गोळे फुटत होते. जत्रा सुरू झाली होती.

मेल लिहिणारा माणूस आम्हाला मंडळाच्या कामाच्या जागेवर न्यायला आला. अण्णांच्याच वयाचा, बुटका, उन्हानं रापलेला. त्यानं अण्णांचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि आपला डावा हात पुढं केला. त्याचं एक बोट अर्धंच होतं. दोघं एकमेकांकडं बघून असे हसले, की मी दुभाषी म्हणून मध्ये उभी होते ती जरा मागं सरले. तो मला इंग्रजीत सांगायचा, मी अण्णांना. मध्येच तो आपल्या भाषेत सोबत्यांना काही म्हणाला, त्यात 'दिन्या' असा शब्द आला. अण्णांनी कान टवकारले. "दुनिया म्हणायलाय का ह्यो?" मी त्या माणसाला विचारलं. खरंच तेच. त्यांच्या भाषेत अरबी शब्द बरेच आहेत म्हणे. मग अण्णा त्याला 'किताब' म्हणून बघायला लागले, तोही मान हलवायला लागला, आणि मला अर्धा तास काम उरलं नाही.

चक्र त्यानं आतून दाखवलं. चाकात चाकं, दात्यांना दाते. सायकलच्या साखळीसारखी साखळी. अण्णा खाली बसून बघत राहिले, मग मला म्हणाले, "हां. लोहाराचं काम हाय हे. म्हणून कळंना मला." त्यांना एकदम हलकं वाटल्यासारखं झालं.

रात्री चौकात सगळं गाव होतं. मंडळाच्या लोकांनी आई-अण्णांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण पहिली चक्रं सुरू झाली तेव्हाच अण्णा उठून उभे राहिले. तोंड उघडं, मान वर, टोपी मागं घसरलेली. मी आतषबाजीकडं कमी आणि त्यांच्याकडंच जास्त बघितलं. निळा रंग त्यांच्या चेहऱ्यावर पडायचा, मग सोनेरी.  चौथं की पाचवं चक्र असेल, ते उघडायला लागलं आणि मध्येच अडकलं. एक चाक फिरतंय, आतलं जागच्या जागी. सगळ्या गावातून "ऊऊऊ" असा आवाज निघाला. खाली मंडळाची माणसं डोक्याला हात लावून.

अण्णांनी टाळीच वाजवली. "अडकलं!" ते ओरडले. "अगं, अडकलं बघ! ह्येंचंबी अडकतंय!" आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारच्या बाई मागं वळून बघायला लागल्या. तेवढ्यात चक्राला झटका बसला, आतलं चाक सुटलं आणि सगळं फूल एकदम उघडलं. मग जो काही गलका झाला तो बरोबर लागलेल्या चार चक्रांना मिळून झाला नव्हता. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

सकाळी त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ विचारत होता, कसं झालं, काय काय बघितलं. अण्णा म्हणाले, "सांगतो आल्यावर. तिकडं पाऊस हाय का? माल झाकलास का? लोहाराला म्हणावं, म्या आल्याबिगर कुठं जाऊ नगस." आणि फोन ठेवला.

आई तोवर बाहेर जायला तयार होऊन बसली होती. त्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. आईनं समुद्र जवळून पहिल्यांदाच बघितला. पाणी इतकं स्वच्छ, की तळाचे दगड मोजावेत. ती नेसूचं लुगडं घोट्यापर्यंत उचलून धरून पाण्यात गेली, लाट आली तसं हसत सगळं सोडून दिलं आणि गुडघ्यापर्यंत भिजली. अण्णा काठावरून "फुडं जाऊ नगस" म्हणत होते. तिनं ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं, थुंकलं, आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "खारट हाय गं खरंच. मला वाटायचं, लोकं उगंच म्हणतेत."